फ्लेक्सवर वाळणारी हळद आणि मल्चिंगचा कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

द्राक्षबागेत फवारणीला वापरतात ती मऊ नळी नवी असताना मनगटाभोवती गुंडाळता येते. दोन-तीन हंगाम ऊन आणि औषध खाल्ले की तीच नळी काठीसारखी ताठ होते, वाकवली की तडकते. 'उन्हाने वाळली' म्हणून आपण ती बांधावर टाकतो. पण नळीच्या अंगात पाणी कधी नव्हतेच, मग वाळले काय? ही नळी पीव्हीसीची असते आणि पीव्हीसी मुळात कडक. त्याला मऊपणा यावा म्हणून कारखान्यात वजनाच्या ३०-४० टक्क्यांपर्यंत तेलासारखा द्रव मिसळतात. त्यातला जुना आणि स्वस्त गट थॅलेटांचा: डीईएचपी, डीबीपी, डीआयबीपी. हा द्रव प्लास्टिकला रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, चिंधीत तेल मुरावे तसा नुसता मुरलेला असतो. ऊन, तेल किंवा द्रावक मिळाले की तो बाहेर पडतो. नळी ताठ झाली, म्हणजे तो बराचसा गेला. काही हवेत उडाला, काही औषधाच्या द्रावणातून पानांवर, घडांवर आणि मातीत उतरला.

सांगली-साताऱ्यात सध्या पिकातल्या प्लास्टिक रसायनांबद्दल जे बोलले जाते, त्याचा सगळा रोख मल्चिंग पेपरवर, म्हणजे बेडवर अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदावर असतो. तो रोख अर्धाच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्याकडे कोणी बघत नाही म्हणून हे पत्र.

हिशेब असा. पाच फुटी बेडवर एकराला सुमारे २,७०० मीटर कागद लागतो. १.२ मीटर रुंद, २५ मायक्रॉनचा घेतला तर ४०० मीटरचे जवळजवळ सात रोल, एकूण वजन ७५ किलोच्या आसपास. हा कागद पॉलिथिलीनचा. पॉलिथिलीन जन्मतःच लवचिक असते, त्याला मऊ करायला काही घालावे लागत नाही. त्यात थॅलेट येतात ते भंगारातून केलेल्या दाण्यांतून, रंगासाठी मिसळायच्या दाट दाण्यांतून (मास्टरबॅच), शाईतून. हलक्या कागदात ते एक हजारांश भाग आहेत असे धरले, तरी एकरी ७५ ग्रॅम झाले. आता फवारणीच्या जास्त दाबाच्या (एचटीपी) पंपाची १०० मीटर नळी घ्या. वजन दहा-बारा किलो. त्यातला मऊ करणारा द्रव ३० टक्के धरला तर तीन किलोंहून जास्त. म्हणजे एका नळीतला साठा चाळीस एकर हलक्या मल्चिंगच्या बरोबरीचा. सगळा एका दिवसात बाहेर येत नाही हे खरे, पण कुठला नळ आधी बंद करायचा ते यावरून कळते.

मऊ पीव्हीसी शेतात आणखी कुठे असते? ट्रकवरची जाड, रबरासारखी ताडपत्री. पाणी मारायचा हिरवा पाइप. रेक्झिन. स्वस्त, मऊ, चकचकीत हातमोजे. आणि या सगळ्यांचा राजा, फ्लेक्स. वाढदिवस झाला, निवडणूक झाली की गावातले फलक उतरतात आणि शेतात येतात. गोठ्याला आडोसा, वैरणीवर झाकण, खळ्यावर अंथरूण. नेत्याचा हसरा चेहरा खाली आणि वर भुईमुगाच्या शेंगा, हळकुंडे, नाहीतर मिरची, हे दृश्य आपल्याकडे नवे नाही. हा फ्लेक्स म्हणजे पॉलिस्टरच्या जाळीवर चढवलेले मऊ पीव्हीसी, त्यावर द्रावकातली शाई. दहा बाय दहाचा फलक अडीच-तीन किलोंचा असतो. त्यात एक पंचमांश द्रव धरला तरी अर्धा किलो. सगळ्याच फ्लेक्समध्ये थॅलेट असतात असे नाही. काहींत क्लोरिनेटेड पॅराफिन घालतात, पण ते काही सोवळे नव्हे. त्यातल्या आखूड साखळीच्या प्रकाराला २०१७ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या जागतिक कराराच्या, बंदी यादीत घातले गेले. गोठ्याच्या आडोशाला फ्लेक्स वापरायला हरकत नाही. खाण्याच्या वस्तूखाली तो नको.

आता ही रसायने करतात काय ते थोडक्यात. डीईएचपी आणि डीबीपी शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करतात, विशेषतः गर्भातल्या मुलाच्या वाढीत. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१९ मध्ये या गटातल्या चार थॅलेटांसाठी मिळून शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. साठ किलोच्या माणसाला ती तीन मिलिग्रॅम पडते. आपल्या देशात लहान मुलांच्या खेळण्यांसाठीच्या मानकात, आयएस ९८७३ च्या नवव्या भागात, ठरावीक थॅलेटांना ०.१ टक्क्याची मर्यादा आहे आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना हे मानक सक्तीचे झाले. पोराच्या रबरी बदकाला जो नियम आहे, त्याबद्दल त्याच्या बापाच्या फवारणीच्या नळीवर एक ओळही छापलेली दिसत नाही.

पिकात ती तीन वाटांनी शिरतात आणि या वाटा नीट ओळखल्या की उपाय आपोआप सुचतात. पहिली वाट मुळांची. डीबीपी पाण्यात थोडे विरघळते, त्यामुळे मुळांवाटे वर चढू शकते. डीईएचपी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, ते मातीतल्या सेंद्रिय कणांना चिकटून बसते आणि गाजरासारख्या जमिनीतल्या पिकाच्या सालीत साठते. म्हणून ज्या रानात सेंद्रिय कर्ब चांगला, तिथे मुळांवाटे चढणारे प्रमाण कमी. दुसरी वाट हवेची. पॉलिहाऊसमध्ये किंवा लो टनेलमध्ये दुपारी तापमान चढले की प्लास्टिकमधली रसायने उडतात आणि पानांवरच्या मेणचट थरात मुरतात. पालेभाजीत ही वाट मुळांइतकीच महत्त्वाची. १९८० च्या दशकात इंग्लंडमधल्या काचगृहांत टोमॅटो आणि कोबीवर्गीय रोपांची कोवळी पाने पांढरी पडत होती, तेव्हा कारण सापडले ते मऊ प्लास्टिकमधून उडणारे डीबीपी. आपल्याकडे शेंडा पिवळा-पांढरा दिसला की लोहाची कमतरता समजून फेरसची फवारणी होते. दोनदा फेरस देऊनही बंद पॉलिहाऊसमधली नवी पाने हिरवी होत नसतील, तर आत कुठे मऊ पीव्हीसीची नळी, पट्टी किंवा पडदा आहे का ते बघावे, तो बाहेर काढावा आणि बाजूचे पडदे रोज सकाळीच उघडावेत.

तिसरी वाट थेट स्पर्शाची, आणि आपल्या जिल्ह्यात तीच सर्वांत दुर्लक्षित आहे, कारण ती शेतात नाही, काढणीनंतर आहे. बेदाणा आणि हळद या दोन पिकांवर सांगलीचे नाव चालते. दोन्हींच्या प्रक्रियेत उष्णता आणि तेल एकत्र येतात, आणि नेमके तिथेच मऊ प्लास्टिक हाताशी असते.

बेदाण्याचे पाहा. १०० लिटर पाण्यात अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट आणि दीड लिटर डिपिंग ऑईल, म्हणजे इथाइल ओलिएट, अशा द्रावणात द्राक्षे बुडवतात. इथाइल ओलिएट तेलकट, थॅलेटही तेलकट. तेल तेलाला ओढते. साध्या पाण्यात जे डीईएचपी नळीतून निघणार नाही, ते या द्रावणात निघते. त्यात तेच द्रावण भर घालत घालत लॉटमागून लॉटला वापरले जाते, म्हणजे निघालेले साठत जाते. शिवाय चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मण्यावर जे चिकटले त्यातले उडून न गेलेले सगळे बेदाण्यात चौपट दाट होऊन बसते. उपाय खर्चिक नाही. बुडवणीची टाकी स्टेनलेस स्टीलची उत्तम, निळे एचडीपीईचे (कडक पॉलिथिलीनचे) बॅरल आणि नेहमीचे क्रेटही चालतात, कारण त्यांना मऊ करणारा द्रव लागत नाही. चालत नाही ते खड्ड्यात ट्रकची ताडपत्री अंथरून केलेले हौद, कॅनमधून ऑईल ओढायला लावलेली पारदर्शक मऊ नळी, आणि पीव्हीसीचे हातमोजे. हातमोजा ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. जपानमध्ये दुकानात विकल्या जाणाऱ्या जेवणाच्या डब्यांत डीईएचपी सापडले, ते कामगारांच्या पीव्हीसी हातमोज्यांतून आलेले निघाले, आणि २००० साली तिथल्या आरोग्य खात्याने असे मोजे अन्नाला लावू नका असे बजावले. मोजे निर्जंतुक करायला त्यांवर अल्कोहोल फवारत, त्याने तर रसायन आणखीच सुटे. बेदाणा शेडवर नायट्राइलचे मोजे द्यावेत. त्यांना या द्रवाची गरज नसते आणि कार्बोनेटने हातही जळत नाहीत.

शेडमधल्या जाळ्या सहसा एचडीपीईच्या असतात, त्यांचे भय नाही. मात्र ऊन खाऊन जिचे धागे हाताला भुगा होऊन लागतात ती जाळी बदलावी. तो भुगा बेदाण्यात जातो आणि प्रतवारीच्या यंत्रात सगळा निघत नाही. पॅकिंगच्या पिशवीबद्दलही लोक विचारतात. स्वच्छ, नव्या दाण्यांची पॉलिथिलीन पिशवी ठीक. स्ट्रॉबेरीच्या पारदर्शक डबीबद्दल मात्र गैरसमज आहे. ती पीईटीची असते आणि त्या रसायनाच्या पूर्ण नावात 'टेरेफ्थॅलेट' शब्द येतो, म्हणून वाईच्या बाजूला काही जण तिला नाव ठेवतात. नाव जवळचे असले तरी ते प्लास्टिक वेगळे, त्याला मऊ करायला थॅलेट घालत नाहीत.

हळदीत गोष्ट अधिक सरळ. हळकुंडात ३ ते ५ टक्के उडनशील तेल असते. कुकरमधून काढलेली वाफाळती हळद थेट ताडपत्रीवर ओतली जाते आणि मग दहा-पंधरा दिवस उन्हात तिथेच लोळते. ताडपत्री पॉलिथिलीनची विणलेली असेल तर फार बिघडत नाही. पीव्हीसी चढवलेली असेल किंवा फ्लेक्स असेल, तर गरम तेलकट हळकुंडाने तो द्रव ओढून घेणे क्रमप्राप्त आहे. शिजलेली हळद आधी बांबूच्या तट्ट्यावर किंवा स्वच्छ गोणपाटावर निथळू द्यावी, वाफ गेली की सिमेंटच्या कट्ट्यावर दोन-अडीच इंचांच्या थरात पसरावी. कट्टा नसेल तर विणलेली पॉलिथिलीन ताडपत्री घ्यावी, आणि ती ट्रकवरची नाही ना हे तपासून घ्यावे.

तपासायचे कसे, तर घरच्या घरी. बोटाच्या पेराएवढा तुकडा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवावा, चिकटलेले बुडबुडे पुसून सोडून द्यावा. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके, वर येतात. पीव्हीसी जड, तळाला जाते. पण नायलॉनही बुडते आणि खडूची भुकटी भरलेले पॉलिथिलीनही बुडते, त्यामुळे बुडलेल्याची दुसरी परीक्षा लागते. तांब्याची तार पकडीत धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत, ज्योतीला हिरवी झाक येणे थांबेपर्यंत तापवावी. त्या तापल्या टोकाने प्लास्टिकला टेकून थोडेसे चिकटवून घ्यावे आणि पुन्हा ज्योतीत धरावे. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, तिळाएवढ्या तुकड्यावरच करायचे, कारण धूर वाईट असतो. घाम, मीठ किंवा औषधाचा अंश असेल तरीही ज्योत हिरवी होते, म्हणून तुकडा आधी धुऊन घ्यावा. इथेच बरेच जण फसतात.

फवारणीची नळी तर टाळता येत नाही. मग निदान एवढे करावे: औषध भरलेली नळी दुपारच्या उन्हात किंवा रात्रभर पडू देऊ नये. ईसी प्रकारच्या, म्हणजे पाण्यात दुधाळ होणाऱ्या औषधात द्रावक असते आणि तेच प्लास्टिकमधला द्रव बाहेर ओढते. फवारणी संपली की साधे पाणी सोडून नळी रिकामी करावी, गुंडाळून सावलीत टांगावी. काढणीच्या तोंडावरच्या फवारण्यांना नवी कोरी नळी लावू नये, पहिल्या वापरांत ती जास्त सोडते. पक्क्या मांडणीत मुख्य लाइनला कडक पीव्हीसी वापरावे, आयएस ४९८५ खुणेचे. त्यात मऊ करणारा द्रव नसतो. ठिबकच्या लॅटरल, म्हणजे ओळीतल्या बारीक नळ्या, पॉलिथिलीनच्या, आयएस १२७८६ किंवा १३४८८ च्या खुणेच्या. विनाखुणेची काळी लॅटरल स्वस्त पडते, कारण काळ्या रंगात कोणतेही भंगार खपते.

आता मल्चिंग पेपर. त्याचा खरा दोष थॅलेटांपेक्षा तुकड्यांचा आहे. तुकडा मातीत राहिला की त्यातली भर घातलेली रसायने वर्षानुवर्षे झिरपतात. ऊन सोसण्यासाठी घालतात त्यातले यूव्ही-३२८ हे २०२३ मध्ये त्याच स्टॉकहोम यादीत आले. तुकडे होतात याची मुख्य कारणे दोन, जाडी कमी आणि मुक्काम जास्त. तीन-चार महिन्यांच्या पिकाला २५ मायक्रॉन, वर्षभराच्या पिकाला ५०, त्यापुढे १०० किंवा अधिक, अशी शिफारस आहे. प्रत्यक्षात २५ च्या कागदावर सहा महिने टोमॅटो होतो आणि लगेच त्याच छिद्रांत काकडी लावली जाते. दुसऱ्या पिकाच्या कागदाचा खर्च वाचतो, पण पहिला कागद पापडासारखा होऊन कधीच अखंड निघत नाही. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी सप्टेंबर-ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत बेडवर असते, तिलाही २५ पुरत नाही.

शिवाय २५ छापलेला कागद २५ चा असतोच असे नाही. मायक्रोमीटर नको, वजनकाटा पुरे. ४०० मीटर लांब, १.२ मीटर रुंद, २५ मायक्रॉन रोलचे वजन पुठ्ठ्याची नळी सोडून ११ किलो भरले पाहिजे. नऊ किलो भरले तर तो २० मायक्रॉनचा आहे, ३० मायक्रॉनचा तेराच्या वर जातो. काळा-चंदेरी रंग वजन थोडे वाढवतोच, त्यामुळे कमी भरायला कसलीही सबब नाही. एक वाव कागद उन्हाकडे धरून बघावा. टाचणीएवढी भोके, खडे, ढगाळ पट्टे दिसले किंवा जळकट वास आला, तर दाणा पुनर्वापराचा आहे. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानातून या कागदाला निम्मे अनुदान मिळते. ते बिलावर न देता रोलच्या वजनावर दिले, तर पातळ कागद एका हंगामात बाजारातून जाईल. शंका राहिली तर छत्रपती संभाजीनगरच्या सिपेट या प्लास्टिक तंत्रज्ञानाच्या संस्थेसारख्या ठिकाणी नमुना देता येतो.

काढणीची रीत बियाण्याच्या निवडीइतकीच नेटकी हवी. पीक संपल्यावर झाडे उपटू नयेत, मुळासकट येताना ती छिद्राभोवतीचा कागद फाडतात. बुंध्याशी कापावीत. आधी लॅटरल ओढून घ्याव्यात. हलके पाणी देऊन वाफसा येऊ द्यावा, कारण सुक्या काळ्या मातीत गाडलेली कड दगडात रुतल्यासारखी अडकते आणि तुटून आतच राहते. दोन्ही कडांची माती खुरप्याने किंवा बैलाच्या हलक्या अवजाराने मोकळी करावी, मग सकाळच्या गारव्यात एका टोकाकडून गुंडाळत यावे. दुपारी कागद ताणतो आणि फाटतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे 'राहू दे, रोटरने बारीक होईल' ही. बारीक होते हे खरे, पण नाहीसे होत नाही.

किती राहिले ते मोजता येते. एक मीटर लांब-रुंद चौकट टाकून २० सेंटिमीटर खोल माती चाळावी, तुकडे धुऊन वाळवून सोनाराच्या नाहीतर मसाल्याच्या काट्यावर तोलावेत. चौरस मीटरात १ ग्रॅम म्हणजे एकरी सुमारे ४ किलो. चीनने आपल्या रानांसाठी हेक्टरी ७५ किलोची मर्यादा घातली आहे, म्हणजे चौरस मीटरात साडेसात ग्रॅम, एकरी तीस किलो. दर पिकाला दहा टक्के कागद आत राहिला तर चार पिकांत आपण तिथे पोचतो. नदीकाठच्या रानांत २०१९ आणि २०२१ च्या पुराने आणून टाकलेला कचरा यात वेगळाच मिळवायचा. शहरी कचऱ्याचे कंपोस्ट घेणाऱ्यांनीही गाडी उतरवण्याआधी एक बादली पाण्यात दोन मुठी टाकून ढवळून बघावे, पिशव्यांचे चिंधे वर तरंगतात.

काढलेला कागद बांधावर पेटवणे हा उपाय नव्हे. त्यासोबत नळीचे, फ्लेक्सचे तुकडे असले की पीव्हीसीच्या जळण्यातून डायऑक्सिन तयार होते आणि राखेसह त्याच रानात पडते. भंगारवाला हा कागद घेत नाही याचे कारण माती. काढलेल्या कागदाला त्याच्या वजनाहून जास्त माती चिकटलेली असू शकते. उन्हात वाळवून झटकला, पाण्यातून काढला आणि घट्ट बांधला तर तो घेतो. औषधांच्या बाटल्यांचे वेगळे: पाव बाटली पाणी घालून अर्धा मिनिट हलवून ते पंपात, असे तीनदा, मग भोक पाडून वेगळ्या पोत्यात.

जमिनीत आधीच गेलेल्याचे काय? थॅलेट अमर नाहीत. हवेशीर मातीतले जिवाणू डीबीपी काही दिवसांत ते आठवड्यांत आणि डीईएचपी काही महिन्यांत मोडतात. पण हवा हवी. मिरज, वाळवा, पलूस भागातल्या पाणथळ, चोपण रानांत हवाच नाही, तिथे तीच रसायने कितीतरी जास्त काळ टिकतात. अशा रानाला आधी निचरा द्यावा. चर काढल्याशिवाय जिवाणूंच्या बाटल्या ओतणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. 'प्लास्टिक खाणारे कल्चर' म्हणून कोणी काही विकायला आले तर मातीचा आधीचा आणि नंतरचा अहवाल मागावा. शेणखत, हिरवळीचे खत, बायोचार (शेतकचऱ्याचा कोळसा) यांनी कर्ब वाढवणे हा खात्रीचा मार्ग, त्याने रसायन धरूनही ठेवले जाते आणि मोडणारे जिवाणूही पोसले जातात. पहिली दोन वर्षे अशा रानात पालेभाजी आणि गाजर-मुळा टाळून ऊस, मका घ्यावा.

प्लास्टिकला पर्याय म्हणून आपल्याकडे उसाचे वाळलेले पाचट आहे. उसाच्या एकरातून तीन-चार टन निघते. भाजीच्या सऱ्यांत तीन-चार इंच पसरले तर तण आणि बाष्पीभवन दोन्ही दबतात. ते मातीत मिसळू नये, मिसळले की कुजताना पिकाचे नत्र ओढते. कुजवायचेच असेल तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कल्चर हे माहीत असलेले प्रमाण वापरावे. पाचटात उंदीर आणि वाळवी येतात ही तक्रार रास्त आहे. लव्हाळा पाचटातून वर येतो हेही खरे, पण तो प्लास्टिकही भोसकून येतोच. जैवविघटनशील कागद घ्यायचा तर विक्रेत्याला ईएन १७०३३ हे युरोपीय मानक विचारावे. त्या मानकात मातीच्या साध्या तापमानाला दोन वर्षांत ९० टक्के विघटन अपेक्षित आहे. 'कंपोस्टेबल' प्रमाणपत्र वेगळे, ते गरम कारखानी कंपोस्टसाठी असते. 'ऑक्सो' शब्द दिसला तर परत करावा. तो कागद फक्त तुकडे होतो, आणि युरोपने २०२१ पासून त्यावर बंदी घातली आहे.

शेवटी तपासणीचे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली. तेव्हा रसायन वापरात वर्षानुवर्षे होते, आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत मात्र नव्हते. थॅलेटांचे आज तसेच आहे. वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या डीईएचपीची मर्यादा युरोपने २०२३ मध्ये किलोला १.५ वरून ०.६ मिलिग्रॅमवर आणली. उद्या बेदाणा किंवा हळद कोणी या नजरेने तपासली तर आपल्याजवळ आपले आकडे असावेत. औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळांत जे जीसी-एमएस यंत्र आहे, त्यावरच थॅलेट तपासता येतात. नवे यंत्र नको, पद्धत आणि मान्यतेची व्याप्ती वाढवायला हवी. कसबे डिग्रजच्या हळद संशोधन केंद्राने ताडपत्री, फ्लेक्स आणि सिमेंट कट्टा अशा तीन ठिकाणी वाळवलेल्या हळदीचे नमुने शेजारी शेजारी तपासून आकडे जाहीर केले, तर एका हंगामात चित्र स्पष्ट होईल. बाजार समित्यांनी हंगामाअखेर आठवडाभर कागद तोलून घ्यायची सोय करावी. प्लास्टिक उत्पादकांवर २०२२ मध्ये जी विस्तारित जबाबदारी (विकलेले प्लास्टिक गोळा करून त्याची विल्हेवाट लावायची) आली ती वेष्टनांपुरती आहे. औषधाची बाटली तिच्यात बसते, मल्चिंगचा कागद बसत नाही. लोकप्रतिनिधींनी हा विषय दिल्लीत मांडावा.

ज्यांना स्वतः नमुना द्यायचा आहे त्यांच्यासाठी एक सूचना, कारण बरेच नमुने इथेच वाया जातात. प्लास्टिकच्या पिशवीत दिलेल्या मातीत प्रयोगशाळेला त्या पिशवीचेच थॅलेट सापडतात. एकरात दहा-बारा ठिकाणची २० सेंटिमीटरपर्यंतची माती लोखंडी खुरप्याने स्टीलच्या घमेल्यात घ्यावी, मिसळून अर्धा किलो ठेवावी, काचेच्या धुतलेल्या बरणीत भरावी आणि झाकणाखाली ॲल्युमिनियम फॉइल लावावी. हातात मोजे नकोत, हाताला मलम किंवा सुगंधी तेल नको. बरणी कागदात गुंडाळून बर्फाच्या पेटीत न्यावी. सोबत एक रिकामी, तशीच उघडून बंद केलेली बरणी द्यावी आणि अहवालात तिचाही आकडा मागावा.

आपले,
शेतीरसायने व मृदाविज्ञानाचे काही अभ्यासक,
तासगाव, जि. सांगली